डायलिसिस ट्यूबिंग: प्रयोगशाळेतल्या ‘पेशीपटला’चा रोल

विसरण (रेणूंचं दाटीकडून विरळ भागाकडे पसरणं) दाखवायला सेल्युलोजच्या या नळीइतकं सोपं साधन नाही. १५ सेंमीचा तुकडा १० मिनिटं पाण्यात भिजवा; कोरडी नळी बोटांनी उघडत नाही, गाठ मारताना चिरते. एक टोक बांधून आत १ टक्का स्टार्चचं द्रावण भरा, पण काठोकाठ नको. परासरणाने पाणी आत येऊन नळी फुगू शकते. बाहेरून नीट धुऊन चहाच्या रंगाच्या आयोडीनच्या पाण्यात सोडा. अर्ध्या तासात आतलं द्रावण निळं-काळं होतं, बाहेरचं तसंच राहतं. बाहेरही निळं झालं तर धुणं राहिलंय किंवा गाठ गळतेय. नळीत ग्लुकोजही भरलं असेल तर ते बाहेर आल्याची बेनेडिक्ट चाचणी (ग्लुकोज ओळखणारी) वेगळ्या, आयोडीन नसलेल्या चंचुपात्रात करा.

मर्यादा मोठी आहे आणि ती मुलांना सांगायलाच हवी. ही फक्त चाळणी आहे, रेणूंच्या आकारावर चालणारी. हिच्यातून ग्लुकोज सहज निसटतं. खऱ्या पटलात मेदाचा दुहेरी थर त्याला अडवतो, वाहक प्रथिन लागतं. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत नेणारा पंप तर इथे दिसणारच नाही. जिवंत पटलासाठी सोबत ऱ्हिओच्या पानाची जांभळी साल मिठाच्या पाण्यात, सूक्ष्मदर्शकाखाली दाखवा.

रोल घ्यावाच. उरलेला हवाबंद पिशवीत ठेवा.