सबसिडी खरी, मधला माणूस खोटा

प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे सगळे ज्याला नुसतं पीएमईजीपी म्हणतात तो, २००८ पासून चालू आहे: नवा उद्योग उभा करायला बँकेचं कर्ज आणि त्यावर सरकारी सबसिडी. योजना खरी, पोर्टल खरं, सबसिडीही खरी मिळते. फसवणूक होते ती या खरेपणाच्याच आडोशाने, आणि बहुतेक वेळा फसणाऱ्याला ती कळते तीन वर्षांनी.

सुरुवात एका गैरसमजातून होते: सबसिडी म्हणजे हातात येणारी रक्कम. तसं काही नसतं. ग्रामीण भागातल्या एखाद्या महिलेने मिरची कांडप आणि मसाला पॅकिंगचा प्रकल्प टाकला, खर्च १० लाख. तिचा स्वतःचा हिस्सा ५ टक्के, म्हणजे ५० हजार. उरलेले साडेनऊ लाख बँक कर्ज म्हणून देते. ३५ टक्क्यांप्रमाणे तिची सबसिडी साडेतीन लाख. पण ती बँकेत तिच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी युनिट जागेवर चालू आहे का, याची पाहणी होते आणि मगच ती रक्कम कर्जात वळती होते. (सर्वसाधारण प्रवर्गातल्या पुरुष अर्जदाराला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के, स्वहिस्सा १० टक्के.) त्यामुळे "सबसिडी आली की त्यातनं माझे द्या" असं कोणी म्हणाला, तर तो पैसे सबसिडीतून घेणारच नाही. तो ते कर्जातून काढणार.

एजंट भेटतो तो बहुधा ओळखीतूनच. "ताई, तुम्ही फक्त सह्या करा, साहेबांचं मी बघतो." फॉर्म ऑनलाइन असतो, त्याला शुल्क नाही. तरी 'फाईल चार्ज' म्हणून पाच-दहा हजार जातात. उद्यम नोंदणीचेही (लघुउद्योगाची सरकारी नोंद) वेगळे घेतले जातात, आणि ती तर सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. पण खरा डाव या किरकोळ पैशांचा नसतो. फॉर्ममध्ये मोबाईल नंबर आणि ईमेल एजंट स्वतःचा टाकतो. युजर आयडी, पासवर्ड, अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे त्याचे मेसेज, सगळं त्याच्याकडे जातं. अर्ज जिल्हा उद्योग केंद्राकडून बँकेकडे गेला की परत आला, हे अर्जदाराला तो सांगेल तेव्हाच कळतं. अर्ज नाकारला गेला असला तरी "वरती अडकलाय" म्हणून आणखी पैसे मागता येतात.

मग प्रकल्प अहवाल. एजंटकडे एकच साचा असतो. नाव आणि पत्ता बदलायचा. हे ओळखायला सीए लागत नाही. वीजभाराचं पान काढा आणि कोटेशनशेजारी ठेवा. अहवालात ५ एचपी आणि कोटेशनमधल्या पल्व्हरायझरची, म्हणजे दळायच्या यंत्राची, मोटर १० एचपीची, असं बिनदिक्कत सापडतं. कच्च्या मालाचे भाव भलत्याच बाजारपेठेतले, जागेचं भाडं दोन पानांवर दोन वेगळं. कधी जमिनीची किंमतही प्रकल्पखर्चात धरलेली असते. ती या योजनेत चालतच नाही. मॅनेजरने "महिन्याला किती किलो विकाल?" विचारलं की अर्जदार गप्प, कारण अहवाल तिने वाचलेलाच नाही. अर्ज परत. फाईल चार्ज अर्थातच परत नाही.

सगळ्यात महाग पडतं ते फुगवलेलं कोटेशन. वरच्या उदाहरणात यंत्रं ८ लाखांची दाखवली आणि खेळतं भांडवल २ लाख. यंत्रांची खरी किंमत ५ लाख. बँक ८ लाख थेट विक्रेत्याच्या खात्यात भरते. वरच्या ३ लाखांतून एजंट आधी स्वतः भरलेला ५० हजारांचा स्वहिस्सा वसूल करतो, बाकीचे तो आणि विक्रेता वाटून घेतात. "एक पैसा न घालता धंदा उभा राहिला" असं ऐकवलं जातं, आणि ते खरंही वाटतं. आता कागद घेऊन बसा. तोच प्रकल्प खऱ्या ७ लाखांचा केला असता, तर स्वहिस्सा ३५ हजार, सबसिडी २ लाख ४५ हजार, आणि व्याज लागणारं कर्ज ४ लाख २० हजार. फुगवलेल्या प्रकल्पात ते ६ लाख आहे. यंत्रं तीच. वाचले ३५ हजार, अंगावर पडले १ लाख ८० हजार, वर त्याचं व्याज.

पुष्कळदा यंत्रंही ती नसतात. पल्व्हरायझर येतो नव्या रंगाचा, पण रंग बोल्टच्या खाचांत आणि बेअरिंगच्या कडेवरही बसलेला असतो. नवं यंत्र असं रंगवत नाहीत. मोटरवर क्षमता आणि क्रमांक लिहिलेली पट्टी असते, तिचे रिव्हेट उपटलेले, किंवा पट्टी आहे पण १० ऐवजी साडेसात एचपीची. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेलाच नसतो. डिलिव्हरी चलनावर सही करण्याआधी ही पट्टी वाचायची, तिचा फोटो काढायचा, बिलात तोच क्रमांक लिहून घ्यायचा. ड्रायव्हर घाई करतोच, करू द्या.

तीन वर्षांनी पाहणीला माणूस येतो तेव्हा बिल आणि यंत्र जुळवून बघितलं जाऊ शकतं. जुळलं नाही तर सबसिडी परत जाते आणि ते साडेतीन लाखही कर्जातच उरतात. खेळत्या भांडवलाचीही अट आहे: तीन वर्षांत एकदा तरी बँकेने त्यासाठी मंजूर केलेली मर्यादा पूर्ण वापरलेली हवी आणि एकूण वापर ७५ टक्क्यांच्या खाली नको, नाहीतर त्या प्रमाणात सबसिडी कापली जाते. हे एजंट कधीच सांगत नाही. तोवर त्याचा नंबर बंद असतो, आणि कोटेशनवर, अहवालावर, चलनावर सही तुमची असते. तक्रार करायला गेलं की पहिला प्रश्न त्या सह्यांचाच येतो.

कोऱ्या चेकबद्दल एकच: 'सिक्युरिटी' म्हणून दिलेला सही केलेला चेक पुढे मनाजोगी रक्कम टाकून वटवायला घालतात, आणि तो परत गेला की कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याची, नोटीस तुम्हालाच येते.

दुसरा प्रकार पूर्ण ऑनलाइन, आणि तो ओळखायला सोपा. राजमुद्रा छापलेलं मंजुरीपत्र व्हॉट्सॲपवर येतं, मग प्रोसेसिंग फी, विमा, जीएसटी असे हप्त्याहप्त्याने पैसे मागतात, तेही एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर. कर्ज मंजूर करते तुमची बँक. मंजुरीपत्रही शाखेतूनच मिळतं. पैसे गेलेच असतील तर त्याच तासात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत फिरते आणि गोठवणं अवघड होतं.

एजंटकडून फॉर्म आधीच भरून झाला असेल तर आधी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा खादी मंडळाच्या कार्यालयात, जिथे अर्ज गेला असेल तिथे, आधार कार्ड घेऊन जा, आणि अर्जातला मोबाईल नंबर बदलण्यासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. कोरे चेक दिले असतील तर त्यांचे क्रमांक लिहून बँकेला आणि पोलिसांना कळवा. कर्ज सुटलं असेल तर भांडण चालू आहे म्हणून हप्ते थांबवू नका: थकबाकी ९० दिवसांपुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे बुडीत खात्याच्या वाटेवरचं, ठरतं. यंत्र चुकीचं आलं असेल तर शाखेला त्याच आठवड्यात लेखी कळवा, पट्टीचा फोटो जोडून. पाहणीच्या वेळी कामाला येतो तो हाच कागद.