गंगापूर रोडचा किलोवर पुस्तकांचा सेल: जावं का?

जावं, पण मराठीच्या आशेने जाऊ नका, तो कोपरा अगदीच केविलवाणा, पाककृती आणि स्पर्धा परीक्षांची जुनी गाईडं, बस. मराठी हवं तर आपलं सावाना, म्हणजे नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, आहेच. खरा माल इंग्रजी खोक्यांत. अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांनी बाद केलेली पुस्तकं, शिक्के पण तसेच, आणि त्यात एक प्रकार ढिगाने येतो ज्याला कोणी हात लावत नाही, तो म्हणजे तिकडच्या फुटबॉल कोचची चरित्रं. फुटबॉल म्हणजे तो लांबट बॉल काखेत मारून पळतात तो, आणि कोच पण कॉलेजचा! आपल्याकडे पीटीच्या सरांवर कोणी चार ओळी तरी लिहितं का.

मी निक सेबन नावाच्या अशाच एका कोचवरचं जाडजूड हार्डबाउंड उचललं आणि तिथेच स्टुलावर बसून वाचत सुटलो. केंट स्टेट युनिव्हर्सिटीत असिस्टंट म्हणून सुरुवात, १९९० ला टोलेडोत हेड कोच, मग क्लीव्हलंडच्या प्रो टीममध्ये हेड कोच बिल बेलिचिकच्या हाताखाली डिफेन्सचा कोच, मग मिशिगन स्टेट, तिथून एलएसयू (लुइझियाना स्टेट) आणि २००३ च्या सीझनचं नॅशनल टायटल, मग एनएफएलच्या, म्हणजे तिकडच्या प्रो लीगच्या, मायामीत दोन वर्षं, १५ जिंकले १७ हरले, आणि २००७ ला अलाबामा, जिथे पुढे ६ टायटलं आली. पण बेस्ट भाग १९९८ चा, मिशिगन स्टेटला असतानाचा. समोर नंबर वन ओहायो स्टेट, मॅच त्यांच्याच घरी. लायोनेल रोझेन नावाच्या सायकियाट्रिस्टचा सल्ला असा की स्कोअर विसरा, एक प्ले, म्हणजे बॉल हलल्यापासून थांबेपर्यंतचा एक डाव, साधारण ७ सेकंदांचा असतो, पोरांनी तेवढाच बघायचा. २४-९ ने मागे होते, २८-२४ ने जिंकले. पुढे आयुष्यभर हेच धरून बसला माणूस.

पुस्तक जुनं, त्यामुळे अलाबामाची जानेवारी २०१८ ची फायनल त्यात नाही. हाफटाइमला १३-० ने मागे असताना नेहमीचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) बसवून पहिल्या वर्षाचा पोरगा उतरवला आणि ओव्हरटाइममध्ये जॉर्जियाला २६-२३ हरवलं, ती यूट्यूबवर बघाच.

आता सेलचं. रेट २०० रुपये किलो, आणि हार्डबाउंड कांद्यासारखं तोलतात, म्हणजे पुठ्ठ्याचे पैसे पण आपणच भरायचे, त्यामुळे तीच कॉपी पेपरबॅकमध्ये दिसली तर ती घ्या. वजनकाट्याचा डिस्प्ले गिऱ्हाईकाकडे फिरवून ठेवत नाहीत, सांगावं लागतं, सांगितलं की फिरवतात पण तोंड वाकडं करून. धूळ भयंकर, रुमाल न्या. पार्किंग शून्य, गाडी लांब लावून चालत या. रविवारी संध्याकाळी अजिबात नको, मधल्या वारी दुपारी निवांत खोकी उपसता येतात.