चारच्या ठेक्यातलं गाणं वॉल्ट्झला कसं बसवायचं: कापून, ताणून की नव्याने बांधून?

आवडत्या गाण्यावर किंवा सिनेमाच्या पार्श्वसंगीतावर वॉल्ट्झ करायचा म्हटलं की पहिली अडचण येते ठेक्याची. वॉल्ट्झ तीन मात्रांचा, आणि आजची बहुतेक लोकप्रिय गाणी चारच्या ठेक्यातली. यावर चार वाटा आहेत. मुळातच तीनमध्ये असलेलं गाणं शोधायचं, चारातली एक मात्रा कापायची, मात्रा ताणून दोनाच्या तीन करायच्या, किंवा गाणं नव्याने बांधून वाजवून घ्यायचं. यातली कुठली घ्यायची हे गाणं किती आवडतं यावरून ठरवू नका. गाण्याचा वेग किती आणि शब्द कुठल्या मात्रेवर सुरू होतात, एवढं पाहिलं की निम्मा निर्णय झालाच.

आधी वेग. गाणं लावून पंधरा सेकंद टाळ्या मोजा आणि आकडा चारने गुणा, झाला बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती मात्रा. स्पर्धेतला स्लो वॉल्ट्झ मिनिटाला ८४ ते ९० मात्रांचा असतो, व्हिएनीज वॉल्ट्झ १७४ ते १८० मात्रांचा. दोन्हींच्या मध्ये, साधारण १०८ ते १२० मात्रांवर, क्रॉस-स्टेप वॉल्ट्झ बसतो, ज्यात पहिलं पाऊल दुसऱ्या पायाला ओलांडून टाकतात. रिचर्ड पॉवर्स १९९२ पासून कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सोशल डान्स शिकवू लागले. त्यांच्या आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वर्तुळात हा प्रकार आजच्या गाण्यांवर सर्रास नाचला जातो. संध्याकाळच्या मोकळ्या कार्यक्रमासाठी मला हाच वेग सगळ्यात सोयीचा वाटतो, कारण नवख्याला धाप लागत नाही आणि मुरलेल्याला वळायला वाव मिळतो.

आयतं तीनमधलं गाणं

हे मिळत असेल तर कात्रीला हात लावू नका. १९६१ सालचं ‘मून रिव्हर’ तीनमध्येच आहे. एड शीरनचं ‘परफेक्ट’ १२/८ मध्ये आहे, म्हणजे तीन-तीनच्या गटांत चालतं. जो हिसाइशीने ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ (२००४) या जपानी अॅनिमेशनपटासाठी केलेली मुख्य धून तर चक्क वॉल्ट्झ आहे. पार्श्वसंगीतात मात्र एक मेख असते. ते पडद्यावरच्या प्रसंगासाठी लिहिलेलं असतं, त्यामुळे लय मध्येच रेंगाळते, थांबते, पुन्हा धावते. ऐकायला सुंदर, पण चाळीस जोड्या फिरत असताना लय सुटली की सगळ्यांचेच पाय अडखळतात. अशा वेळी रेंगाळणारी सुरुवात कापून ठेका पक्का धरल्यापासूनचा तुकडा घ्या. एवढी कात्री पुरते.

जुन्या इंग्लंडातल्या उमरावांवरच्या ‘ब्रिजर्टन’ मालिकेनंतर (२०२०) पॉप गाण्यांच्या व्हायोलिनवरच्या आवृत्त्या वॉल्ट्झसाठी शोधणारे पुष्कळ झाले. पोशाख आणि दिवाणखाना पाहून ते वॉल्ट्झच असतील असं वाटतं, पण त्यातल्या बऱ्याचशा मूळ गाण्यासारख्या चारमध्येच आहेत. यादीत घालण्याआधी मोजून पाहा.

एक मात्रा कापणं

चार मात्रांतली एक काढून टाकली की उरतात तीन. वेग तोच राहतो, म्हणून १०८ ते १२० बीपीएमचं गाणं सरळ क्रॉस-स्टेपला येतं, आणि पॉपमध्ये हा वेग मुबलक आहे. चार मिनिटांचं गाणं तीन मिनिटांत संपतं, तेही नाचायला बरंच. ऑडॅसिटीसारखं फुकट सॉफ्टवेअर पुरतं.

घोटाळा होतो तो शब्दांचा. पुष्कळ गाण्यांत ओळ समेच्या आधीच, चौथ्या मात्रेवरून उचललेली असते. चौथी मात्रा कापली की ओळीचा पहिला शब्दच जातो. मग कोणी दुसरी कापतो, कोणी तिसरी, आणि दर ओळीला वेगळा निर्णय घ्यावा लागतो. शिवाय गाणं पाठ असलेल्या माणसाला प्रत्येक आवर्तनात काहीतरी निसटल्यासारखं वाटत राहतं. शब्द नसलेल्या, ठाशीव तालाच्या वाद्यसंगीताला ही पद्धत चालते. गायलेल्या गाण्याला मी ती सुचवणार नाही.

ताणून दोनाच्या तीन

इथे काहीच फेकायचं नसतं. मूळच्या दर दोन मात्रांमधली पहिली लांबवायची आणि दुसरी आखडायची. पहिलीची लांबी मूळच्या चार-तृतीयांश, दुसरीची दोन-तृतीयांश. दोन्ही मिळून लागणारा वेळ तेवढाच, पण आता त्यात वॉल्ट्झच्या तीन मात्रा मावतात: पहिलीला दोन, दुसरीला एक. गाण्याची एकूण लांबी बदलत नाही आणि एकही शब्द गळत नाही.

पॉपच्या नेहमीच्या ठेक्यावर याचं काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. मूळ गाण्यात पहिल्या मात्रेवर किक (मोठ्या ड्रमचा खोल ठोका), दुसरीवर स्नेअर (छोट्या ड्रमचा कडक ठोका) आणि हाय-हॅटचे, म्हणजे जोडझांजांचे, ठोके मात्रेला दोन. ताणल्यावर किक वॉल्ट्झच्या एकवर येते आणि स्नेअर तीनवर. दोनवर काय? पहिल्या मात्रेतला हाय-हॅटचा दुसरा ठोका नेमका तिथे सरकतो. म्हणजे नाचणाऱ्याच्या तिन्ही पावलांना आधार मिळतो, दुसऱ्याला हलका आणि तिसऱ्याला जोरकस. उलट पहिली आखडून दुसरी लांबवली तर स्नेअर दोनवर पडते आणि चाल मझुर्का या तीन मात्रांच्याच पोलिश नाचाकडे झुकते. वॉल्ट्झ करणाऱ्यांना ते खटकतं.

आणखी एक फायदा. वॉल्ट्झची पूर्ण फिरकी सहा पावलांची असते, तीन डाव्या पायाने सुरू होणारी आणि तीन उजव्या. दादऱ्याच्या सहा मात्रा कानात मुरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. या पद्धतीत मूळ गाण्याच्या चार मात्रांची बरोबर सहा पावलं होतात, त्यामुळे मूळ गाण्याचं चार मात्रांचं दर नवं आवर्तन त्याच पायावर सुरू होतं.

वेगाचा हिशेब दीडपटीचा. ७२ ते ८० बीपीएमचं गाणं १०८ ते १२० वर जातं, म्हणजे क्रॉस-स्टेप. ११६ ते १२० चं गाणं व्हिएनीजच्या वेगाला पोहोचतं, ५६ ते ६० चं स्लो वॉल्ट्झच्या. ९५ च्या आसपासची गाणी मात्र सोडून द्या. ती १४२ वर जाऊन मधल्यामध्ये लटकतात.

ही कल्पना नवी नाही. संगीताचं संगणकीय विश्लेषण करणाऱ्या इको नेस्ट कंपनीतल्या ट्रिस्टन जेहानने २०१० मध्ये ‘द स्विंगर’ नावाचा प्रोग्रॅम केला होता, तो मात्रेचा पहिला अर्धा भाग ताणून आणि दुसरा आखडून कुठल्याही गाण्याला जॅझमधल्या स्विंगची झुलती चाल द्यायचा. आता एबलटन या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वॉर्प मार्कर किंवा रीपरमध्ये स्ट्रेच मार्कर, म्हणजे मात्रांच्या जागी सरकवता येणाऱ्या खुणा, लावून हे घरी करता येतं. काम मात्र चिकाटीचं. ७६ बीपीएमच्या साडेतीन मिनिटांच्या गाण्यात २६६ मात्रा असतात. गाणं मेट्रोनोमच्या एकसारख्या ठोक्यांवर ध्वनिमुद्रित झालेलं असेल तर सॉफ्टवेअर त्या आपोआप पकडतं. जुन्या वाद्यवृंदाच्या मुद्रणात लय किंचित हलत असते, तिथे खुणा हाताने सरकवाव्या लागतात.

आवाजाची किंमतही मोजावी लागते. व्हायोलिनचे लांब सूर ताण सहज सोसतात, पियानो थोडा थरथरतो, ढोल-झांजांचे ठोके पसरट होतात आणि गायकाचे आखडलेले शब्द घाईत म्हटल्यासारखे येतात. यावर उपाय म्हणजे डीझरच्या स्प्लीटर (२०१९) किंवा मेटाच्या डेमुक्ससारख्या मोफत साधनांनी आधी गळा, ताल आणि वाद्यं वेगळी काढायची. मग तालाचे ठोके न ताणता नुसते जागेवरून सरकवायचे आणि ताण फक्त बाकीच्यांना द्यायचा. फरक लगेच कानाला कळतो.

नव्याने बांधणं

सगळ्यात देखणा निकाल इथेच मिळतो, कारण वादक शब्द तीनच्या चालीत स्वतः बसवतो, श्वास कुठे घ्यायचा ते ठरवतो. खर्च आणि वेळ अर्थात जास्त. गोव्यात लग्न असेल तर हा पर्याय आधी विचारात घ्या. तिथल्या रिसेप्शनला बँड असतोच, वॉल्ट्झ त्यांच्या हातात बसलेला असतो, आणि सुरावट दुसऱ्या बाजात मांडण्याची कसबी परंपरा गोंयकारांकडे जुनी आहे. शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यवृंद-संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा तिथलेच.

मग काय निवडाल? लग्नातला एकच नाच असेल, तर बँडला किंवा ओळखीच्या पियानोवाल्याला गाठा. महिन्याच्या सोशल डान्ससाठी यादी भरायची असेल, तर निम्म्याहून जास्त गाणी आयती तीनमधली घ्या आणि मध्ये दोन-तीन ताणलेली पेरा. ओळखीचं गाणं अचानक वॉल्ट्झच्या चालीत आलं की लोक खुलतात, पण सगळीच तशी असली तर त्यातली गंमत जाते. गळा नसलेलं, पक्क्या ठेक्याचं पार्श्वसंगीत ताणायला सगळ्यात सोपं, तेव्हा हात बसवायला तिथूनच सुरुवात करा. तयार झालेलं गाणं आपल्या कार्यक्रमापुरतं ठेवा. मूळ हक्कदाराच्या परवानगीशिवाय ते नेटवर चढवू नका.

शेवटची फाइल काढताना गाण्याच्या आधी दोन आवर्तनं नुसता तीनचा ठेका जोडा. मूळ गाणं माहीत असलेले लोक सवयीने चारच मोजत उभे राहतात, त्यांना पहिलं पाऊल टाकण्याआधी तीन कानात बसायला तेवढा वेळ लागतो.