सायॉन ५एमएक्स आणि एरोप्रेस: खांद्यावरच्या पिशवीत मावणारं सगळं

पन्हाळ्याला जायचं असो नाहीतर रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला, लॅपटॉप, चार्जर, माऊस असलं ओझं वागवणं मी बंद केलंय. आता पिशवीत सायॉन सिरीज ५एमएक्स आणि कॉफी करायचं एरोप्रेस, बास.

५एमएक्स हा १९९९ चा ब्रिटिश हँडहेल्ड कॉम्प्युटर, वजन सेलसकट साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. उघडला की कीबोर्ड पुढं सरकतो आणि स्क्रीन त्याच्यावर टेकून तिरकी उभी राहते, त्यामुळं पेननं स्क्रीनवर टोचलं तरी मशीन मागं कलंडत नाही. इतकी विचार करून केलेली बिजागरी मला नव्या मशीनमध्येसुद्धा दिसत नाही. बटणं खरी, दाबली की आत जातात, त्यामुळं भरभर टाइप होतं, आणि ऑन केला की काल जिथं थांबलो तिथंच कर्सर. चालतो दोन पेन्सिल सेलवर, जे कुठल्याही किराणा दुकानात मिळतात, त्यामुळं सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकावर, चार्जिंग पॉइंट शोधत भिंतीला चिकटून उभं राहायला नको. सेल अल्कलाइनच घ्या मात्र.

स्क्रीन करड्या रंगाची, कमी उजेडाच्या खोलीत डोळे ताणावे लागतात, पण पन्हाळ्याच्या सज्जाकोठीजवळ उघड्यावर बसलात तर एकदम स्वच्छ दिसतं. खरी अडचण म्हणजे यावर मराठी टाइप होत नाही. मी रोमनमध्ये लिहून घरी परत मराठीत टाइप करतो, आणि हे मला खरंच खटकतं. फाईल मात्र कॉम्पॅक्ट फ्लॅश मेमरी कार्डवर टाकून कार्ड रीडरनं लॅपटॉपवर निघते. वायफाय नाही, आणि लिहिणाऱ्याला ते बरंच.

आता कॉफी. आपलं कोल्हापूर दुधाचं आणि चहाचं, गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून समोर काढलेलं म्हशीचं दूध प्यायचं सुख दुसरीकडं नाही, पण बाहेर पडलं की चांगली काळी कॉफी मिळणं अवघड. एरोप्रेस त्यासाठीच. २००५ मध्ये अॅलन अॅडलरनं बाजारात आणलेली ही प्लॅस्टिकची नळी आणि दट्ट्या, फुटायची भीती नाही. पन्हाळ्यावर टपरीवाल्याला चहा सांगायचा आणि वर ग्लासभर उकळतं पाणी मागायचं, पैसे घ्या म्हणायचं, देतात बिचारे आनंदानं. पाणी दोन मिनिटं थांबू द्या, मग चिकमगळूरच्या अरेबिकाची पंधरा ग्रॅम पूड, ढवळायचं, हळू दाबायचं. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड घेऊ नका, चवच बदलते. कडवटपणा कमी, वास भरपूर, आणि चोथा एका दाबात वडीसारखा बाहेर पडतो, धुवायला चूळभर पाणी पुरतं. ज्यांना दूध लागतं त्यांनी ऊन दूध निम्मं घाला, लई भारी होते. चालत्या रेल्वेत मात्र दाबायच्या भानगडीत पडू नका, हात भाजेल.

५एमएक्स आता जुनाच मिळतो, तेव्हा घेताना पाच-सहा वेळा उघडझाप करून बघा, स्क्रीनवर रेघा आल्या तर आतली केबल गेलीय, सोडून द्या. सेलच्या खोबणीत गंज नाही ना ते बघा. आणि आत एक छोटा बटण सेलही असतो, तो पण नवा टाका, कारण दोन्ही संपले की मेमरीतलं सगळं जातं. लिहिलेलं रोज कार्डवर सेव्ह करत जा.