लिंडन जॉन्सनच्या फोन-टेपा : सहा महिने ऐकल्यानंतर

वंशभेदाला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा अमेरिकेचा अध्यक्ष जॉन्सनने पास करून घेतला म्हणजे नेमकं काय केलं, हे कळायला त्याच्या फोनवरच्या संभाषणांच्या या टेपा फार कामाच्या. पण नुसत्या ऐकल्या तर फसवतात.

एकूण साठा साधारण ६४३ तासांचा. पहिल्यापासून ऐकायच्या फंदात पडू नका, तारखेने शोधा. मूळ ध्वनिमुद्रण डिक्टाबेल्ट या प्लास्टिकच्या पट्ट्यावरचं. सुई घसरलेली असली की शब्द गळतात, नाहीतर तोच तुकडा पुन्हा वाजतो. जॉन्सनने खूण केली की सचिव यंत्र चालू करायचे, म्हणून काही संभाषणं अध्येमध्येच सुरू होतात. लेखी उतारा समोर असू द्या, पण टेक्सासच्या हेलामुळे तोही चुकतो. नावं आणि आकडे हेडफोन लावून कानानेच तपासा.

सुरुवात २ डिसेंबर १९६३ च्या फोनपासून करा. पलीकडे वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राच्या प्रमुख कॅथरिन ग्रॅहम. नागरी हक्क विधेयक हाउसच्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) रूल्स कमिटीत, म्हणजे विधेयक चर्चेला कधी येणार हे ठरवणाऱ्या समितीत, अडकलेलं, समितीचे अध्यक्ष हॉवर्ड स्मिथ सुनावणीच लावेनात. त्यांना डावलायला डिस्चार्ज पिटिशन, म्हणजे विधेयक समितीतून थेट सभागृहात आणण्याचा अर्ज, त्यावर हव्यात २१८ सदस्यांच्या सह्या. जॉन्सनचा मुद्दा साधा: विरोधात मत द्या, पण मतदान तरी होऊ द्या. सही न करणाऱ्यांना पेपरने उघडं पाडावं, हा त्याचा आग्रह. २१८ काही भरल्या नाहीत, पण दबाव वाढला आणि जानेवारीत स्मिथना सुनावणी लावावी लागली.

मग करकपातीच्या विधेयकाचे फोन ऐका. विषय वेगळा वाटतो, पण नाही. ते आधी हातावेगळं झालं नसतं, तर नागरी हक्कांना विरोध करणाऱ्या दक्षिणेच्या सिनेटरांनी (वरिष्ठ सभागृहाच्या सदस्यांनी) ते ओलीस धरलं असतं. २६ फेब्रुवारी १९६४ ला त्यावर सही झाली, आणि ३० मार्चला नागरी हक्क विधेयकावर सिनेटमध्ये खरी झुंज सुरू झाली.

फसगत होते ती इथे. विरोधक बोलत राहून मतदान लांबवत होते; ही चर्चा थांबवायला ६७ मतं लागत होती आणि रिपब्लिकन नेते डर्कसन यांच्याशिवाय ती जमणं शक्य नव्हतं. मसुद्यातली शब्दाशब्दाची घासाघीस मात्र मुख्यतः डर्कसनच्या कार्यालयात झाली, विधेयकाची बाजू लढवणारे डेमोक्रॅट सिनेटर हम्फ्री आणि न्याय खात्याच्या माणसांबरोबर. ती फोनवर कुठून सापडणार? हाउसमध्ये विधेयकाला रिपब्लिकन पाठिंबा मिळवून देणारे मॅकुलॉकही असेच निसटतात. १० जूनला चर्चा थांबवण्याचं मतदान ७१-२९ झालं, तेव्हा मेंदूच्या गाठीमुळे वाचा गेलेल्या सिनेटर क्लेअर एंगलने डोळ्याकडे बोट दाखवून मत दिलं: इंग्रजीत डोळाही ‘आय’ आणि होकारही ‘आय’. म्हणून काँग्रेसच्या कामकाजाचं इतिवृत्त शेजारी उघडं ठेवाच.

वेळच नसेल तर १५ जानेवारी १९६५ चा मार्टिन ल्यूथर किंगना केलेला फोन ऐका. मतदान हक्क नाकारल्याचं सगळ्यात वाईट उदाहरण शोधा आणि ते सगळीकडे मांडा, असं अध्यक्षच त्यांना सांगतोय.