सिदेमेन की तेतेबातू? इंडोनेशियातल्या खेड्यात राहायला जाण्याआधी

बाली फिरून आल्यावर काहींच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागतो: तिथल्या एखाद्या खेड्यात वर्षभर राहावं, जमलंच तर जमिनीचा तुकडा घेऊन छोटं घर बांधावं. अशांसाठी ही दोन गावं. सिदेमेन पूर्व बालीत, कारांगासेम जिल्ह्यात, आगुंग ज्वालामुखीच्या कुशीत. तेतेबातू शेजारच्या लोंबोक बेटावर, रिंजानी डोंगराच्या दक्षिण उतारावर. दोन्हीकडे भाताची खाचरं, खळाळते पाट, सकाळी लख्ख डोंगर आणि दुपारी ढग. नुसते फोटो बघून निवडायचं असेल तर चिठ्ठ्या टाकलेल्या बऱ्या. फरक कळतो तो कागदपत्रांत, शेजाऱ्यांत आणि रस्त्यावर.

जमिनीचा कायदा दोन्हीकडे तोच

1960 च्या भूमी कायद्यानुसार पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसापुढे सरळ वाटा तीन. एक, लांब मुदतीचा भाडेपट्टा, साधारण 25 ते 30 वर्षांचा. दोन, तिथे राहण्याचा परवाना असेल तर ‘हाक पाकाई’ हा वापरहक्क: आधी 30 वर्षं, मग 20 वर्षांची वाढ आणि पुढे 30 वर्षांचं नूतनीकरण. तीन, परदेशी भांडवलाची कंपनी काढून तिच्या नावावर बांधकामाचा हक्क घेणं. पण त्यासाठी 10 अब्ज रुपियांच्या (रुपिया हे इंडोनेशियाचं चलन) वर गुंतवणूक दाखवावी लागते. स्वतःपुरतं घर बांधणाऱ्याने या तिसऱ्या वाटेच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

चौथी वाट एजंट हळूच सुचवतो: जमीन गावातल्या माणसाच्या नावावर घ्या, आपसात वेगळा करार करून ठेवू. शेतकरी दाखला नसल्यामुळे मामाच्या नावावर शेती घेणारे आपल्याकडे कमी नाहीत, त्यामुळे आपल्याला यात फारसं काही वावगं वाटत नाही. पण त्याच कायद्याच्या कलम 26 प्रमाणे असा व्यवहार मुळातच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. मामा भला असला तरी कलम बदलत नाही.

भाव ‘आर’वर सांगतात. आपल्या सातबाऱ्यावरचाच हा आर: 100 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. भाडेपट्ट्याचा भाव प्रत्येक आरला, प्रत्येक वर्षाला असा असतो आणि सगळी रक्कम बहुधा आगाऊ मागतात. समजा दर 50 लाख रुपिया आहे (हा आकडा फक्त हिशेबापुरता), जागा 5 आर आणि मुदत 25 वर्षं; तर आजच एकरकमी 62.5 कोटी रुपिया मोजायचे. एका रुपयाला साधारण 185-190 रुपिया धरले तर हे 33-34 लाख रुपये झाले, तेही घराची एक वीट रचण्याआधी. वर भाड्यावरचा 10 टक्के कर असतो. तो कायद्याने मालकाच्या उत्पन्नावरचा कर आहे, पण करारात हळूच भाडेकरूच्या गळ्यात घालतात. ते कलम नोटरीसमोर मोठ्याने वाचून घ्या. मुदतवाढीचा दर कसा ठरणार आणि मालक वारला तर वारस बांधील राहतील का, हेही त्याच कागदावर हवं. भारतातून पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेची वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहेच.

आता दोन गावांतला फरक. सिदेमेनमध्ये परदेशी लोकांना जमीन भाड्याने देणं नवीन नाही. नोटरीला काय विचारायचं ते ठाऊक असतं, मालकालाही. अडचण असते ती शेतजमिनीच्या आरक्षणाची. जो तुकडा मनात भरतो, म्हणजे खाचरांच्या मधोमध आणि समोर आगुंग, तोच हरित पट्ट्यात निघण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ‘शेजारच्याने बांधलंय की’ हे उत्तर मानू नका. जिल्ह्याच्या नियोजन कार्यालयातून त्या तुकड्याचा झोन लेखी घ्या आणि बांधकाम परवाना त्या झोनमध्ये मिळतो का ते विचारा. शिवाय पाटाचं पाणी ‘सुबाक’चं असतं. सुबाक म्हणजे शेतकऱ्यांची पाणीवाटप संस्था; बालीतल्या या व्यवस्थेला 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. खाचर बुजवून तुम्ही पाट वळवलात तर खालच्या चार शेतांचं गणित बिघडतं आणि तक्रार थेट देवळाच्या सभेत जाते. जमीन देवळाच्या मालकीची नाही ना, हेही आधी बघावं.

तेतेबातूला दर सहसा कमी सांगतात, पण कागद कच्चे असू शकतात. भूमी कार्यालयाचं प्रमाणपत्र नसलेली, पाच भावंडांत वाटणी न झालेली जमीन दाखवली जाते आणि पुरावा म्हणून समोर येते जमीनकराची नोटीस. घरपट्टीच्या पावतीवर फ्लॅट विकत घ्यावा, तसला हा प्रकार. सगळ्या भावंडांच्या सह्या आणि नावावरचं प्रमाणपत्र हाती येईपर्यंत इसारही देऊ नये. स्वस्तात मिळालेल्या जागेची किंमत पुढे फेऱ्या मारण्यात वसूल होते.

शेजार

सिदेमेन हिंदू गाव, म्हणून मराठी माणूस तिथे आपलं घर शोधायला जातो. उंबऱ्यावर रोज सकाळी फुलांचा नैवेद्य, गणपती, सरस्वतीचा सण, ओळखीचं वाटतंच. पण गाव चालतं ते ‘बंजार’वर, म्हणजे वाडीच्या सभेवर. बालीच्या 2019 च्या परंपरागत गावांबद्दलच्या नियमावलीत बाली हिंदू नसलेल्या रहिवाशाला ‘तामिउ’, म्हणजे पाहुणा मानलं आहे. तुम्ही रोज अथर्वशीर्ष म्हणत असलात तरी तिथे तामिउच. मासिक वर्गणी द्यावी लागते, मान मिळतो, मत मात्र नसतं. ‘न्येपी’च्या, म्हणजे बालीच्या नववर्षाच्या मौनाच्या दिवशी 24 तास दिवे, प्रवास, कामधंदा सगळं बंद, विमानतळसुद्धा. खिडकीतून उजेड बाहेर दिसला तर गावचे रखवालदार दार ठोठावतात. मला हा दिवस अतिशय आवडतो. लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असेल तर तयारी दोन दिवस आधी करायची, एवढंच.

तेतेबातू सासाक लोकांचं, मुसलमान गाव. पहाटेची अजान अनेक भोंग्यांवरून येते, रमजानमध्ये दिवसा खानावळी बहुतेक बंद असतात. हलकी झोप असणाऱ्याने घर बघताना मशीद कुठे आहे ते आधी बघावं (सिदेमेनमध्ये हेच काम कोंबडे आणि कुत्री करतात, त्यांना तर वेळापत्रकही नाही). सुटीच्या दिवशी लग्नाची ‘न्योंकोलान’ मिरवणूक रस्त्यावर आली की मोठे ढोल, नटलेली जोडी, मागे अख्खं गाव, आणि गाड्या तासभर जागच्या जागी. माणसं मात्र सिदेमेनपेक्षा लवकर घरात बोलावतात. पर्यटन कमी असल्यामुळे तुम्ही गिऱ्हाईक ठरण्याआधी पाहुणे ठरता. गुडघ्यापर्यंत सारोंग (लुंगीसारखं वस्त्र), खांदे झाकलेले, एवढं पाळलं की झालं.

शाकाहारी माणसाला दोन्हीकडे एकच शत्रू: ‘तेरासी’, म्हणजे सुकटीसारखा कोळंबीचा आंबवलेला गोळा. तो चटणीत असतो, पालेभाजीतही असतो. लोंबोकची प्रसिद्ध ‘प्लेचिंग कांकुंग’ दिसायला नुसती पालेभाजी, पण वरच्या चटणीत तेरासी. ‘तान्पा तेरासी’, म्हणजे ‘तेरासी नको’, हे दोन शब्द पाठ करा. टोफू, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि भात कुठेही मिळतो. चपातीची कणीक शहरातून आणायची.

जाणं-येणं आणि रोजचं

बालीच्या विमानतळावरून सिदेमेन दीड ते दोन तास. लोंबोकच्या प्राया विमानतळावरून तेतेबातू तास-दीड तास, आणि वाहतूक कमी. पण मुंबईहून जाताना लोंबोकला आणखी एक विमान बदलावं लागतं. दोन्ही गावं एका फेरीत बघायची असतील तर सिदेमेनपासून पादांग बाई बंदर जवळ आहे. तिथून लोंबोकच्या लेंबारला साधी फेरी चार-पाच तास घेते. गावात ॲपवर गाडी मिळेल या भरवशावर राहू नका. स्कूटर लागते, आणि दुचाकीचा उल्लेख असलेला आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघातात विमा हात वर करतो. उतार, वाळू, पाऊस आणि समोरून गवताचा भारा घेतलेली मोटरसायकल. साठीनंतर स्कूटर शिकायची ही जागा नव्हे.

विजेचा मीटर बऱ्याच घरांत प्रीपेड असतो. दुकानातून किंवा फोनवरून 20 आकडी टोकन घ्यायचं आणि मीटरवर एकेक आकडा दाबायचा. शिल्लक संपत आली की मीटर टिट्-टिट् करत राहतो, रात्री दोनला तर हमखास. घर बघायला जाल तेव्हा तो झोपायच्या खोलीच्या भिंतीवर नाही ना, एवढं बघा.

दवाखाना तालुक्याला असतो. मोठ्या दुखण्याला सिदेमेनहून देनपसार, तेतेबातूहून आधी सेलोंग आणि मग मातारम. हृदयाचा त्रास असणाऱ्याने दोन्ही गावांत वर्षभर राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. निसर्गाचा धोका दोन्हीकडे आहे: 2017 मध्ये आगुंग जागा झाला तेव्हा लाखाहून जास्त लोक हलवावे लागले आणि नोव्हेंबरात बालीचा विमानतळ काही दिवस बंद होता, 5 ऑगस्ट 2018 च्या लोंबोकच्या भूकंपात 500 हून जास्त माणसं गेली. तेतेबातूला घर घ्याल तर खांब-तुळईचं काम विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

भारतीयांना पोहोचल्यावर मिळणारा व्हिसा 5 लाख रुपियांत 30 दिवसांचा, एकदाच 30 दिवसांनी वाढतो. बालीत वर 1.5 लाख रुपियांची पर्यटक पट्टी. वर्षभर राहून घरून काम करणाऱ्यांचा व्हिसा वेगळा आहे, त्याला वर्षाला 60,000 डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं. खोल्या पाहुण्यांना देऊन खर्च भागवू, हा बेत दोन्हीकडे सोडून द्या. घरगुती होमस्टेचा परवाना नागरिकांनाच मिळतो.

मग कुठे?

निवृत्त जोडपं, शाकाहारी, वर्षातून सहा महिने: सिदेमेन, आणि तेही भाड्याच्या घरात. डोंगर चढणारा, एकटा, खर्च जपणारा, भाषा शिकायची तयारी असलेला: तेतेबातू. जमीन घ्यायचीच असेल तर सिदेमेन महाग पडलं तरी चालेल, कारण कागद तपासून देणारी माणसं तिथे जवळ आहेत.

दोन्हीकडे आधी फेब्रुवारीत जा, भर पावसात. डोंगर आठ-आठ दिवस दिसणार नाही, कपडे वाळणार नाहीत, पायवाटेचा चिखल होईल. तरीही राहावंसं वाटलं तर वर्षाचं घरभाडं ठरवा. ते आगाऊच मागतात. घासाघीस करून सहा-सहा महिन्यांचे दोन हप्ते करून घ्या, आणि पहिला हप्ता देण्याआधी नळाला पाणी किती वाजता येतं ते शेजारणीला विचारा, मालकाला नको.