सांगलीतला शास्त्रवाचन वर्ग: काय मिळते, काय खटकते

सांगलीत आठवड्यातून एकदा, सायंकाळच्या उपासनेनंतर चर्चलगतच्या खोलीत भरणाऱ्या या वर्गाला शुल्क नाही आणि नावनोंदणीही नाही. मराठी बायबल आणि वही घेऊन यावे, एवढीच अपेक्षा असते. शास्त्राभ्यासाचे वर्ग आपल्याकडे कमी नाहीत, पण बहुतेक ठिकाणी पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. इथे ठरलेला उतारा दोनदा मोठ्याने वाचला जातो, काही वेळ कोणीच बोलत नाही आणि मग प्रत्येकाला विचारले जाते, की यातले काय तुम्हाला खटकले आणि का. आवडलेले वचन विचारले की पाठ केलेली उत्तरे येतात. खटकलेले सांगताना मात्र स्वतःच्या मनात डोकवावेच लागते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरचे, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेवरचे, वाचन मला सर्वांत मोलाचे वाटले. पहाटेपासून राबलेल्यांना आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना आलेल्यांना मालक सारखीच मजुरी देतो, तीही शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करून. तासगावकडे द्राक्षबाग असलेले एक काका म्हणाले, की छाटणीच्या दिवसांत असा हिशेब केला तर दुसऱ्या दिवशी बागेत माणूस फिरकणार नाही, आणि सगळे हसले. वर्ग घेणाऱ्या ताईंनी त्यावर उपदेश केला नाही; त्यांनी फक्त आधीच्या अध्यायातले 27वे वचन वाचायला लावले. तिथे शिष्य पेत्र येशूला विचारतो, की आम्ही सगळे सोडून तुमच्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? दाखला या प्रश्नानंतर आलेला आहे हे ध्यानात येताच चर्चा मजुरीवरून सरकली आणि चर्चच्या मंडळीत नव्याने आलेल्या माणसाला समितीत घेतले की जुन्यांच्या पोटात का दुखते, इथवर येऊन पोहोचली. काका बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "ताई, मी तर अर्पणाचाही हिशेब मनात ठेवतो, पुढे देवाकडे मागायला."

बायबलमधील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात देवाच्या वचनाला मनातले विचार आणि हेतू पारखणारे म्हटले आहे, पण वाचणारा शेजाऱ्याला लावून वाचू लागला की ही पारख शेजाऱ्याचीच होते. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाची कोकरी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली तेव्हा दावीदही आधी त्या श्रीमंतावरच संतापला होता; गोष्ट आपल्याच पापाची आहे हे त्याला कळलेच नाही. "हे आमच्या जावेला ऐकवायला हवे," असे कोणी म्हटले की ताई हसून वाचन पुढे नेतात. हे वळण त्यांना चांगले जमते.

पंख्याचा खडखडाट आणि बारीक अक्षरांना अपुरा उजेड या किरकोळ तक्रारी झाल्या. खरी तक्रार शेवटच्या अर्ध्या तासाची, म्हणजे साक्षींची, आपल्या श्रद्धेचे अनुभव सर्वांसमोर सांगण्याची आहे. उपास किती केले, कोणाच्या मुलीची फी भरली, हे तिथे नावानिशी सांगितले जाते. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असे सांगणारा मत्तयाचा सहावा अध्याय याच वर्गात वाचून झालेला आहे! ज्यांनी वाचनाच्या वेळी मन मोकळे केलेले असते ती माणसे नेमकी या अर्ध्या तासात गप्प बसतात.

उपदेशासाठी मुद्दे टिपून न्यायला येणाऱ्याला हा वर्ग संथ वाटेल. एरवी अवश्य जावे. साक्षी आवरत्या घेऊन तो वेळ उताऱ्याला द्यावा, असे मी ताईंना सुचवले आहे. यानंतर योहानाच्या शुभवर्तमानाचा 12वा अध्याय आहे, आणि गरिबांचे नाव पुढे करून येशूच्या पायांना लावलेल्या महागड्या सुगंधी तेलावर हरकत घेणाऱ्या, पण सर्वांच्या थैलीतले पैसे स्वतः चोरणाऱ्या यहूदा या शिष्याला नेहमीचा वेळ पुरणार नाही.